गॅदरिंगला वग का नको?

डिसेंबर-जानेवारी आला की भाचे कंपनीच्या गॅदरिंगचे व्हिडिओ यायला लागतात. जुन्नर घ्या, घोडेगाव घ्या, मंचर घ्या, सगळीकडे तेच. स्पीकरवर सिनेमातलं गाणं लागतं, पोरं त्यावर नाचतात, ओठ हलवतात, संपलं की टाळ्या. पोरं गोड दिसतात, त्याबद्दल वाद नाही. पण स्टेजवर गाणारं कुणी नसतं, वाजवणारं कुणी नसतं, आणि बोलणारं तर नसतंच.

आणि हे कुठे चाललंय? तर नारायणगावच्या आसपास! बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. पुणे-नाशिक रस्त्यावरचं आमचं हे गाव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक आपल्या यात्रेची सुपारी ठरवायला येतात. विठाबाई नारायणगावकर इथल्याच. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपती पदक मिळालं, २००२ साली त्या गेल्या. आज राज्य सरकार तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतं तो त्यांच्याच नावाने. एवढं सगळं दाराशी असताना आमच्या शाळांना संगीत नाटक म्हणजे काय ते दिसू नये, याचं मला नवल वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे. या दोन तालुक्यांतल्या हायस्कुलांत आठवी-नववीच्या मुलांना वग शिकवावा आणि तो त्यांच्याकडून करून घ्यावा.

हे मी हवेत बोलत नाही. नववीत असताना आमच्या मराठीच्या सरांनी आमच्याकडून एक वग बसवून घेतला होता. आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. गोष्ट साधीच. राजाच्या राज्यात भलंमोठं धरण असतं आणि धरणाच्या वरच्या अंगाच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. आमच्याकडे ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही :) सरांनी संवाद लिहून दिलेच नाहीत. प्रसंग सांगितला आणि म्हणाले, "आता तुम्हीच बोला." वगाची रीतच ती. सांगाडा ठरलेला, शब्द नटाचे.

त्यातून काय काय शिकलो! प्रधानाने काही विचारलं की सोंगाड्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, त्यासाठी आधी ऐकावं लागतं. पाठांतराच्या जिवावर वर्गात पहिले येणारे इथे गडबडले. वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा मावशी झाला आणि त्याने सगळा हॉल हसवला. ढोलकीच्या ठेक्यावर वाक्य कुठे तोडायचं हे कळल्यावर मराठीचा धडासुद्धा वेगळा वाचता येऊ लागला.

आणखी एक गोष्ट. आमच्या वर्गातला एक मुलगा वडिलांचा धंदा विचारला की "शेती" सांगायचा. त्या महिन्यात तो पहिल्यांदा मोठ्याने म्हणाला, "माझे वडील फडात ढोलकी वाजवतात." मग त्याचे वडीलच आम्हाला शिकवायला आले, आणि सर त्यांना "या मास्तर" म्हणाले. वग करायला मला हे एकच कारण पुरेसं आहे. पुढच्या वर्षी मात्र "शाळेत तमाशा नको" असं वरून आलं आणि विषय संपला.

आता आक्षेप. आमच्या आत्या म्हणतात, "शाळेत असलं काही शोभतं का?" त्यांची भीती मी उडवून लावत नाही. तमाशातल्या बायकांना काय काय सोसावं लागलं, या कलेवर जगणाऱ्या जातींना गावाने कसं वागवलं, हे सगळं खरं आहे. पण ते शिकवायला शाळेइतकी चांगली जागा कुठली? तमाशा बघायला रात्रभर बसायचं आणि सकाळी त्याच कलावंताच्या पोराला वेगळ्या नजरेने बघायचं, ही खोड मोडायची असेल तर ती पंधराव्या वर्षीच मोडेल. आणि काय घ्यायचं, काय वगळायचं हे शेवटी शिक्षकांच्याच हातात असतं.

केरळात शाळांचा राज्य कलोत्सव १९५७ पासून चालू आहे. तिथली पोरं त्यात कथकळी आणि तुळ्ळलही करतात. त्यांना कुणी विचारत नाही की हे शोभतं का.

व्यवहाराचंही गणित जुळतं. फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास परततात. पावसाळ्यात कलावंत घरी असतात, हाताला काम नसतं. नेमक्या त्याच दिवसांत शाळा सुरू होतात. जून ते सप्टेंबर आठवड्याला दोन तास एक ढोलकीवाला आणि एक गाणारी बाई शाळेत आल्या, तर गॅदरिंगपर्यंत वग बसतो. स्पीकर आणि चमचमत्या कपड्यांच्या भाड्यावर जो खर्च होतो, त्यातला काही भाग इकडे वळवला की झालं.

फक्त त्यांना शाल आणि नारळावर परत पाठवू नका. मानधन द्या, आणि मस्टरवर नाव लिहा, शिक्षक म्हणून.