खूणगाठ

तुमच्या दादीने किंवा नानीने ओढणीच्या टोकाला गाठ मारलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? एखादे काम विसरू नये म्हणून पूर्वी लोक पदराला किंवा रुमालाला अशी गाठ मारीत. तिला 'खूणगाठ' म्हणतात. 'काहीतरी करायचे आहे' एवढेच ही गाठ सांगे. काय करायचे, ते मनालाच आठवावे लागे.

आज गाठीची जागा मोबाइलच्या गजराने घेतली आहे. काय करायचे आणि केव्हा करायचे, हे सारे मोबाइलच सांगतो. मग मनाला काय काम उरले?

माझाच अनुभव सांगतो. माझ्या अम्मीला रात्री रक्तदाबाची गोळी द्यावी लागते. पूर्वी जेवण होऊन दस्तरखान आवरला, की मला गोळी आठवत असे. पुढे मी मोबाइलवर 9 वाजताचा गजर लावू लागलो. एका पावसाळी दिवशी वीज गेली आणि मोबाइल बंद पडला. त्या रात्री गजर वाजला नाही. दस्तरखान रोजच्यासारखाच आवरला, पण गोळी आठवली नाही. सकाळी अम्मीने विचारले, तेव्हा मी खजील झालो.

मग गजर वाईट आहे का? मुळीच नाही. आठवण देणारी साधने वापरली की कामे कमी चुकतात, असे शास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसले आहे. परंतु जे आपण साधनावर सोपवतो, ते मनात कमी टिकते, असेही दिसले आहे. म्हणून औषधासारख्या महत्त्वाच्या कामासाठी गजर आणि मन दोन्ही हवेत, असे मला वाटते.

मनाला ही सवय कशी लावावी? जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी 1999 साली एका लेखात सोपी रीत सांगितली आहे. 'अमुक झाले, की तमुक करीन' असे आधीच ठरवावे. आपल्या अर्जुनी मोरगावच्या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना ही रीत नवी नाही. मृगाचा पाऊस पडला, की पऱ्हे टाकायचे, हे त्यांच्या मनात पक्के असते.

तुम्हीही 'उद्या मित्राचे पुस्तक परत देईन' एवढेच म्हणू नका. 'वर्गात दप्तर उघडले, की पुस्तक देईन' असे ठरवा.

मी अजूनही 9 वाजताचा गजर लावतो. पण आता दस्तरखान आवरताना गोळी आधी आठवते आणि गजर मागून वाजतो.