पेशवाई बुडाली ती वसईत

दुसऱ्या बाजीरावाच्या अखेरीची तारीख आपण ३ जून १८१८ अशी पाठ करतो. त्या दिवशी तो अशीरगडाजवळ माल्कमच्या स्वाधीन झाला. माझ्या मते त्याची सत्ता त्याआधी पंधरा वर्षे, वसईतच संपली होती.

१८०१ मध्ये त्याने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबरला, यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव कोकणात पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईत त्याने इंग्रजांशी तह केला. निदान सहा हजार पायदळ कंपनीचे, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख मात्र पेशव्याचा!

आम्हा दिघाशीकरांना ही वसई शेजारची. तिचे नाव निघते ते १७३९ च्या विजयासाठी. हा विजय मिळवणारे चिमाजी अप्पा बाजीरावाचे चुलत आजोबा. त्याच जागी झालेल्या तहाबद्दल आपण गप्प असतो.

बाजीरावाला नुसते ‘पळपुटा’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. खरा धडा वेगळा आहे. आपल्याच सरदारांची मने राखण्याऐवजी जो परक्या पलटणींवर गादी टिकवतो, त्याची गादी त्या पलटणींच्या मालकाची होते. १८१८ मध्ये मालकाने ती फक्त परत मागितली.