बाळ रात्री जागते, पण आईच्या झोपेचे काय?

आजचे हे पान भगिनींइतकेच बंधूंसाठीही आहे, म्हणून ते घरात मोठ्याने वाचावे ही विनंती.

महिला मंडळाच्या बैठकीत तान्ह्या बाळाची आई आली, की एक तक्रार हटकून निघते. “अंगावर पितो, पण रात्रीतून चार-पाच वेळा उठतो. डोळ्याला डोळा लागत नाही. पहाटे पाणी भरायचं, डबे करायचे, कामावर पळायचं. करू तरी काय?” यावर शेजारच्या चौघींची चार उत्तरे येतात. पहिली म्हणते, तुझे दूध पुरत नाही, बाटली लाव. दुसरी म्हणते, दृष्ट लागली. तिसरी म्हणते, मेडिकलमधून झोपेचे औषध आण. चौथी म्हणते, आम्हीपण असेच काढले. ही चारही उत्तरे आपण तपासून पाहू.

दूध पुरत नाही म्हणून बाळ उठते, असे दर वेळी नसते. तान्ह्या बाळाचे पोट लहान. आईचे दूध पचायला हलके, ते लवकर जिरते. त्यामुळे पहिल्या महिन्यांत चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिणे हे निरोगी बाळाचे लक्षण आहे. रात्र झोपण्यासाठी असते हे त्याच्या शरीराला कळू लागायलाच साधारण तीन महिने लागतात. शिवाय दूध तयार करणारा अंतःस्राव रात्री जास्त असतो. रात्रीचे पाजणे तोडून बाटली लावली, की दूध खरेच कमी होऊ लागते. पहिला आठवडा उलटल्यावर बाळ दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. पावडरचा डबा महाग. तो पुरवण्यासाठी पातळ करून पाजला जातो, पाणी चांगले नसले की जुलाब लागतात. या डब्यांच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. सहा महिने पुरे होईपर्यंत पेज, चहात बुडवलेले बिस्कीट, वरचे पाणी काहीही नको.

कामावर जाणाऱ्या आईचे बाळ रात्री जास्तच उठते. दिवसभर आई नसते, ती भूक आणि ती ऊब ते रात्री वसूल करते. हा हट्ट नव्हे. कामावर निघताना आणि परत येताच आधी पाजावे. मागे दूध ठेवायचे तर हात धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात काढून झाकून ठेवावे आणि चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजावे. उन्हाळ्यात त्याहून लवकर.

दुसरे उत्तर दृष्टीचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, त्याला किती वर्षे झाली! तरी रात्री बाळ रडले, की काही घरांत अजून मीठ-मिरच्या ओवाळून जाळतात, दंडाला ताईत बांधतात. मिरचीच्या धुराने बाळाची छाती भरते, आणि खरा आजार असेल तर दवाखान्याची वेळ टळते. बाळ अंगाने तापले, प्यायचे सोडले, भराभर श्वास घेऊ लागले, बरगड्या आत ओढू लागले, लघवी कमी झाली किंवा मलूल पडले, तर रात्र असो की पाऊस, थेट दवाखाना गाठावा. आजीशी मात्र भांडू नये. तिच्या मांडीची ऊब कुठल्याही ताईतापेक्षा मोठी आहे, ती मागून घ्यावी.

तिसरे उत्तर सर्वांत घातक. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या आया एके काळी बाळांना अफूची ‘बाळागोळी’ देऊन कामावर जात. त्या निर्दयी नव्हत्या. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग ठेवलेला नव्हता. आज अफूची जागा सर्दी-खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या औषधाने घेतली आहे. अशा एका नेहमीच्या मिश्रणाबाबत केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये चार वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असे बजावले. बाळ गुंगीत प्यायला उठत नाही, श्वासही मंदावू शकतो. ब्रँडीचा थेंब, अफू, झोपेचे औषध यांतले काहीही नको. वर्षाच्या आत मधही चाटवू नये.

आता चौथे उत्तर. आजींनी असेच काढले हे खरे आहे आणि त्यांच्या कष्टांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण त्यांनी सोसले म्हणून सुनेनेही सोसावे, हा न्याय बाबासाहेबांचा नव्हे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. आज कायद्यात बसणाऱ्या नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि रजेनंतर बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या आहेत. ज्यांना हा हक्क आहे त्यांनी तो मागून घ्यावा. धुणीभांडी करणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या भगिनीला तो मिळत नाही, ही लढाई बाकी आहे.

दिवसाची विश्रांती कायदा देईल. रात्रीची कोण देणार? ती घरानेच द्यायची.

बंधूंनो, पाजणे एवढेच काम आईचे आहे. ओला लंगोट बदलणे, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, थोपटून निजवणे, पहाटेचे पाणी भरणे ही कामे पुरुषाच्या हातांना जमतात. रात्रपाळी असेल त्यांनी सकाळी आल्यावर तासभर बाळ सांभाळावे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली, त्यांत पत्नीचा मान राखणे हे पहिले आहे. रात्री तीन वाजता लंगोट बदलणे हाही मानच आहे. आजीने संध्याकाळी दोन तास बाळ घेतले, तर आईची पहिली गाढ झोप तेव्हाच होते.

आईने कुशीवर पडून पाजायला शिकावे. रात्री दिवा मंद ठेवावा, बोलणे-खेळवणे टाळावे. पिऊन झाल्यावर बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे निजवावे, तोंडाजवळ उशी-गोधडी नको. खोली एकच असली, तरी दारू प्यालेल्या किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने बाळाशेजारी झोपू नये. झोपेत कूस बदलताना बाळ दबू शकते. पाचवे शील इथे बाळाचा जीव वाचवते.

आणि एक. बाळ झोपले तरी आईला झोप लागत नसेल, सारखे रडू येत असेल, जगू नये असे वाटत असेल, तर ते थेर नव्हेत, तो आजार आहे. त्यावर उपचार आहे. आशाताईंना सांगावे, तिला एकटी न सोडता डॉक्टरांकडे न्यावे.

हे दिवस सरतात. बाळाचे उठणे हळूहळू कमी होते. पण या रात्रींत आपल्याबरोबर कोण जागले, हे आई जन्मभर विसरत नाही. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर हा विषय काढा, आणि पुरुष मंडळींना पुढे बसवा.

जय भीम!