पाहुण्याने बांधलेली भिंत

दिवाळी सरली, खळ्यावरचे भात कणगीत पडले, की डहाणू तालुक्यातील कैनाडच्या परिसरात एक निराळीच शांतता पसरते. पाड्यांवरील कर्ती माणसे कामाच्या शोधात बाहेर पडलेली असतात. कोणी वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर, कोणी मासेमारीच्या होड्यांवर खलाशी म्हणून, तर कोणी मुंबईच्या वाटेवर उठणाऱ्या उंच इमारतींच्या कामावर. मागे राहतात म्हातारी माणसे, गुरे आणि लहान मुले. कित्येकदा मुलेही आईबापांबरोबर निघून जातात आणि शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावांपुढे फुल्या पडू लागतात.

नेमक्या याच ऋतूत शहरांतील विद्यार्थ्यांची श्रमशिबिरे भरतात. महाविद्यालयीन तरुण घमेली-फावडी घेऊन खेड्यांत येतात; आठ दिवस राहतात; बंधारा घालतात, रस्ता करतात, क्वचित एखाद्या गरिबाचे घर उभे करतात. परदेशांतील विद्यार्थीही अशा कामासाठी आपल्याकडे येतात आणि आपल्याकडील काही जण परदेशी जातात. ज्या गावचे लोक दुसऱ्यांची घरे बांधावयास गेले, त्याच गावात दुसरे लोक घरे बांधावयास यावेत, हा योग मोठा विलक्षण नव्हे काय? यात कौतुकास्पद काय आणि विचार करण्याजोगे काय, याविषयी माझे मत येथे मांडावयाचे आहे.

प्रथम ही कल्पना आली कोठून ते पाहू. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील व्हर्दूनच्या आसपासची गावेच्या गावे बेचिराख झाली होती. पिएर सेरेसोल नावाच्या एका स्विस अभियंत्याने १९२० साली तेथील एन या खेड्यात काही स्वयंसेवक जमविले आणि बेघर शेतकऱ्यांसाठी निवारे बांधण्यास आरंभ केला. या मंडळींत जर्मनही होते. कालपर्यंत ज्यांनी एकमेकांवर तोफा डागल्या, त्यांच्यापैकी काहींनी एकत्र येऊन विटा-लाकडे वाहावीत, हा विचार उदात्त होता. परंतु जखमा ताज्या होत्या. आपल्या गावात जर्मन माणसे नकोत, अशी भावना तेथे प्रबळ झाली आणि काही महिन्यांतच ते काम आवरते घ्यावे लागले. पाहुण्याचा हेतू शुद्ध असला तरी यजमानाचे मन त्याला ओळखता आले पाहिजे, हा धडा सेरेसोलला पहिल्याच खेपेस मिळाला. तो खचला नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला, तेव्हा थोड्या सोबत्यांसह तो हिंदुस्थानात आला आणि मुजफ्फरपूरच्या भागात नवी गावे वसविण्याच्या कामी बिहारी मजुरांबरोबर राबला. त्याने स्थापिलेल्या संघटनेचे स्वयंसेवक पुढे आपल्या वरोड्याजवळच्या आनंदवनातही आले आणि बाबा आमटे यांच्या कुष्ठरोगी सहकाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी तेथे इमारती उभ्या केल्या. ज्यांच्या सावलीसही लोक भीत, त्यांच्या हातची वीट आपल्या हाती घेणे ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती.

दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. १९६६ साली लिलियन कार्टर नावाची अडुसष्ट वर्षांची एक अमेरिकन परिचारिका सेवादलाबरोबर मुंबईस आली आणि विक्रोळीच्या कामगार वसाहतीत जवळजवळ दोन वर्षे राहिली. तिचा मुलगा जिमी कार्टर पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. अधिकारपद गेल्यावर या गृहस्थाने हाती हातोडा घेतला आणि १९८४ पासून वर्षानुवर्षे तो गरिबांची घरे बांधीत राहिला. २००६ च्या ऑक्टोबरात तो लोणावळ्याजवळ मळवली येथे आला. सुमारे दोन हजार स्वयंसेवक जमले आणि आठवड्याभरात शंभर घरांचे काम झाले. त्या संस्थेचा एक नियम मला फार आवडतो. ज्याचे घर, त्याने स्वतःही त्या कामात घाम गाळलाच पाहिजे, आणि घराची किंमत नफाव्याजाविना हप्त्याहप्त्याने फेडली पाहिजे. त्यामुळे घर हे दान राहत नाही; घेणारा मिंधा होत नाही.

आता याच्या उलट बाजूस जे बोलले जाते तेही ऐकले पाहिजे, कारण ते खोटे नाही. समुद्रापलीकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या विमानभाड्यात एखाद्या गवंड्यास कित्येक आठवड्यांची मजुरी देता येईल. मग ज्याला थापी धरता येत नाही त्याने इतक्या लांब यावे, आणि ज्याला ती उत्तम धरता येते त्याने पोटासाठी गाव सोडून जावे, हा कुठला न्याय? या प्रश्नाला माझ्यापाशी सोपे उत्तर नाही.

मी स्वतः विद्यार्थिदशेत एका शिबिरास गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. आम्ही दहा-बारा जणांनी मोठ्या उत्साहाने एका विधवा आजीच्या घराची भिंत छातीइतकी उंच चढविली, टाळ्या वाजविल्या आणि गाणी म्हणत मुक्कामी परतलो. पहाटे सहज तिकडे गेलो, तो गावचा गवंडी कंदिलाच्या उजेडात आमचे वरचे तीन थर उतरवून पुन्हा रचीत होता. भिंत ओळंब्यात नव्हती. मला पाहून तो ओशाळला. जणू चूक त्याचीच होती! “मुलांचे मन मोडेल म्हणून दिवसा बोललो नाही,” एवढेच तो म्हणाला. त्या दिवशी कोणी कोणाची सेवा केली, हे मला अजूनही ठरविता आलेले नाही.

त्या गवंड्याने आम्हांला दिवसाढवळ्या, चारचौघांत, खडसावून सांगावयास हवे होते असे मला वाटते. परंतु तसे सांगण्याचा अधिकार आपणांस आहे असे त्याला वाटले नाही. दोष त्याचा नाही. आम्हीच ‘देणारे’ म्हणून गेलो होतो, ‘शिकणारे’ म्हणून नव्हे.

आणि कैनाडच्या बाजूस शिकण्यासारखे थोडे आहे काय? वारल्यांचे जुन्या पद्धतीचे घर पाहा. लाकडी मेढी जमिनीत रोवावयाच्या. कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी बांधून कूड उभा करावयाचा. त्यावर माती, शेण आणि भाताचे तूस कालवून लिंपण द्यावयाचे. वर गवत किंवा कौले. गुरांना जागा घरातच, धान्याची कणगही घरातच. काम निघाले की शेजारीपाजारी हात लावतात. श्रमदान हा शब्द त्यांनी ऐकला नसेल, पण ती गोष्ट त्यांना परकी नाही. लग्नाच्या वेळी सुवासिनी याच भिंतीवर गेरूच्या अंगावर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहितात. होय, ‘काढीत’ नाहीत, ‘लिहितात’. तो त्यांचा शब्द आहे. याच तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही भिंतीवरची कला कागदावर उतरविली आणि ती जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसू लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तर चारहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. भर थंडीत लोक तंबूंत आणि अंगणांत निजले. सिमेंट-विटांची घरे तडकली. कारवीचा कूड हलका असतो, तो हादऱ्याबरोबर लवतो. कोसळला तरी जड भिंतीसारखा माणसाचा जीव घेत नाही. जड दगडमातीच्या भिंती काय करतात, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने पाहिले आहे. कुडाच्या घराची मी भलावण करतो असे मात्र कोणी समजू नये. पावसाळ्यात ते गळते, वाळवी लागते, दर वर्षी डागडुजी करावी लागते. पक्के घर हवे असे त्या लोकांना वाटते, आणि तसे वाटण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. माझे म्हणणे इतकेच, की काय ठेवावे आणि काय टाकावे, हे राहणाऱ्याने ठरवावे. किल्लारीनंतर पन्नासांहून अधिक गावे नव्या जागी वसविली गेली. त्यांतील कित्येक ठिकाणी घरे भक्कम झाली, परंतु रांगा शहरासारख्या, आणि गुरे कोठे बांधावीत याचा विचार आराखडा करणाऱ्यांच्या मनात आलाच नव्हता.

डहाणूच्या भूमीने बाहेरून आलेली दुसऱ्या जातीची माणसेही पाहिली आहेत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले गुरांमागे जात, शाळेत येत नसत. तेव्हा या बायांनी मुलांना दोष न देता शाळाच कुरणात नेली. अनुताई १९९२ साली वारल्या, त्या अखेरपर्यंत कोसबाडच्याच होऊन राहिल्या. आठ दिवसांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्याकडून एवढी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु मुलगा शाळेत का येत नाही हे आधी विचारावे आणि मग पाऊल उचलावे, इतके तर आठ दिवसांतही साधते.

म्हणून विद्यार्थ्यांनी अशा कामास जाऊ नये, असे माझे मत मुळीच नाही. १९६९ साली गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून लक्षावधी तरुणांच्या हातांना तिने घट्टे पाडले, हे चांगलेच झाले. जावे, परंतु गवंड्याच्या हाताखाली जावे. त्याची मजुरी शिबिराच्या खर्चात प्रथम धरावी, म्हणजे त्या महिन्यापुरता तरी तो गावात राहील. घरधनिणीने सांगितलेल्या जागीच दार ठेवावे.

आणि आणखी एक. कैनाडचा जो मुलगा आईबापांमागे वीटभट्टीवर आणि बांधकामावर हिंडत वाढला, त्याला सोळाव्या वर्षी माल कालवता येतो, सूत धरता येते, गिलावा करता येतो. मुंबईत त्याला मजूर म्हणतात. त्याच मुंबईचा विद्यार्थी त्याच्या गावी येऊन तेच काम अर्धेकच्चे करतो, त्याला स्वयंसेवक म्हणतात. हा शब्दांचा भेद मला बोचतो. पुढच्या वेळी कोठे पूर आला, भूकंप झाला, देशात वा परदेशात घरे उभारावयाची झाली, तर स्वयंसेवकांच्या त्या तुकडीत कैनाडचा हा मुलगाही असावा. त्याच्या वाटखर्चाची आणि बुडालेल्या मजुरीची तजवीज व्हावी, आणि शहरातल्या मुलांनी त्याच्या हातातला ओळंबा पाहून आपले थर लावावेत.

आमच्या त्या शिबिराच्या अखेरच्या दिवशी आजीने आम्हां सर्वांना नव्या घरात बोलावून तांदळाची भाकरी वाढली. मी भिंतीकडे पाहत होतो. वरचे तीन थर खालच्यांपेक्षा सरळ होते. गवंडी दाराशी बसून जेवत होता; त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. मी उठून, आजीला आणि माझ्या सोबत्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, ते थर कोणाचे आहेत ते सांगितले.