कॉलेजात गेल्यावर आमची मुले गप्प का होतात?

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या यादीत नाव झळकते, घरी पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो. मुलगी पेटी-वळकटी घेऊन शहरात जाते आणि दिवाळीच्या सुट्टीत येते ती निम्मी होऊन. कसे चालले आहे म्हणून विचारावे तर "बरं चाललंय" याच्यापुढे शब्द नाही. मग आई शेजारणीला सांगते, "आमची पहिल्यापासून लाजाळूच आहे, बाई."

आम्हाला हे काही पटत नाही. वर्षावासात हीच मुलगी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायला बसते, तेव्हा पन्नास-शंभर माणसांसमोर तिचा आवाज अडखळत नाही. चौदा एप्रिलला ती माईक हातात घेऊन भाषण करते, म्हातारी माणसे डोळे पुसतात. ती मुलगी वर्गात हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात ओ देत असेल तर त्याला स्वभाव कसे म्हणावे? ती लाजत नाही, बिचकते. लाजणाऱ्याला सवयीने धीर येतो. बिचकणाऱ्याचे कारण शोधावे लागते.

कारणे फार लांब नाहीत. पहिल्याच आठवड्यात बाकावरची मुलगी विचारते, "पूर्ण नाव काय गं?" मग, "तुला किती टक्के?" आणि शेवटी, "म्हणजे कोट्यातून का?" विचारणारीच्या मनात दर वेळी वाईट असते असे नाही. पण उत्तर देणारीला या तीन प्रश्नांत आपली सगळी मोजणी झाल्यासारखे वाटते. त्यात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीपुढे सर तासभर इंग्रजीत बोलतात. समजले नाही म्हणून विचारावे, तर "हिला हेही येत नाही" असे कोणी म्हणेल ही धास्ती. वाटते, आपण चुकलो तर आपण एकट्या चुकत नाही, सगळ्या समाजाचे नाव खाली जाते. अठरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हे केवढे ओझे!

या गप्प राहण्याची किंमत रोख मोजावी लागते. आमच्या माहितीतील एक मुलगी मराठवाड्यातून पुण्याला शिकायला गेली. तिने शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरला. हा अर्ज आधी कॉलेजकडे तपासणीला जातो. त्रुटी निघाली तर परत येतो आणि दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो. तिचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यासाठी परत आला. ती खिडकीवर गेली, तेव्हा आतून आवाज आला, "स्कॉलरशिपवाले बाजूला उभे राहा." रांगेत तिच्याच वर्गातली मुले होती. ती बाजूला झाली आणि तशीच खोलीवर परतली. पुन्हा त्या खिडकीकडे फिरकली नाही. मुदत संपली, कॉलेजने फी मागितली, बापाने सावकाराकडून पैसे काढले. घरी कळले ते तेव्हा. कारकुनाच्या एका वाक्याने कुटुंब कर्जात गेले. अशी वाक्ये खिडकी-खिडकीवर रोज बोलली जातात.

अंतर्गत गुणांचेही तसेच आहे. आता लेखी पेपरावरच भागत नाही. वर्गात उभे राहून विषय मांडावा लागतो, तोंडी परीक्षा असते, गटात काम करावे लागते. गट पाडताना गप्प मुलगी उरते आणि उरलेल्यांचा गट होतो.

अशा वेळी घरचे बाबासाहेबांचा दाखला देतात. द्यावाच, पण पुरता द्यावा. अठरा-अठरा तास अभ्यास तेवढा सांगून भागत नाही. १९०८ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजात गेले तेव्हा तिथला हॉटेलवाला त्यांना चहा-पाणी देत नसे. प्रा. मुल्लर यांनी मात्र त्यांना पुस्तके आणि कपडे दिले. १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला पोहोचल्यावर त्यांनाही पहिली खोली मानवली नाही, जेवण रुचले नाही. त्यांनी मुक्काम बदलला आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. ती मैत्री जन्माची झाली. १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला परतताना पाच हजार रुपये उसने दिले ते याच भथेनांनी. एवढ्या मोठ्या माणसालाही परक्या ठिकाणी एक शिक्षक आणि एक मित्र लागला. मग आमच्या पोरींनी एकटीनेच सगळे निभवावे हा हट्ट कशासाठी?

"धीट हो" म्हणून कोणी धीट होत नाही. त्यापेक्षा तिला एवढेच सांगा की महिन्याभरात एक मैत्रीण आणि एक शिक्षक गाठ. वर्गात हात वर करवत नसेल तर तास संपल्यावर सरांना दारात गाठून विचार. खिडकीवर एकटी जाऊ नको, वरच्या वर्गातल्या आपल्या कोणाला तरी बरोबर ने. कॉलेजात समान संधी कक्ष असावा असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ सालीच केला, तो कोणत्या खोलीत आहे ते पहिल्याच आठवड्यात पाहून ठेव. पालकांनीही फोनवर "जेवलीस का?" याच्याबरोबर "अर्ज कुठवर आला?" आणि "आज कोणाशी बोललीस?" हे विचारावे. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करता येतो, हे कित्येक घरांना ठाऊकच नसते.

आणि सत्कार समित्यांना एक विनंती. शाल, पुष्पगुच्छ, फोटो हे सगळे ठीक आहे, पण त्या शालीचा पुण्या-मुंबईच्या खोलीत काय उपयोग? कॉलेजे उघडतात त्याच सुमारास आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. पहिल्याच रविवारी ग्रंथवाचनानंतर विहारात वही घेऊन बसावे. कोणाची मुलगी कोणत्या गावी गेली, त्या गावात आपला शिकणारा किंवा नोकरीवाला कोण आहे, त्याचा नंबर काय, हे लिहून काढावे. मुलगी गाडीत बसण्याआधी तो नंबर तिच्या हाती पडावा, आणि तिचा त्याच्या.