आरव्हीत संडास आहे, म्हणून काळजी मिटली? आई-वडिलांना घेऊन नॅशव्हिलला जाण्याआधी

मागच्या महिन्यात माझ्याकडे नेहमी येणारे एक काका-काकू दवाखान्यात आले. काका ७१ वर्षांचे. पंधरा वर्षांचा डायबेटिस, प्रेशर आणि आता प्रोस्टेट. काकूंची तक्रार गुडघ्यांची. मुलगा अमेरिकेत अटलांटाला असतो, त्याच्याकडे तीन महिने जायचं होतं. "प्रवासाला फिट आहेत, एवढं लिहून द्या," म्हणाले. मी सहज विचारलं, तिकडे काय बघणार? काकांनी मोबाइलवर मुलाने पाठवलेला बेत दाखवला. आरव्ही भाड्याने घ्यायची आणि चार दिवसांत नॅशव्हिल, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स करून परत यायचं. काका गाण्याचे वेडे, म्हणून मुलाने मुद्दाम दक्षिणेतली ही गाण्याची शहरं निवडली होती.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास सगळं असतं. काका खुशीत होते. "डॉक्टर, संडास गाडीतच आहे, मग काळजी कसली?"

मी तिथेच बेरीज करून दाखवली. अटलांटा ते नॅशव्हिल सुमारे ४०० किलोमीटर, तिथून मेम्फिस ३४०, मग न्यू ऑर्लिन्स ६३५ आणि परत अटलांटा ७५०. म्हणजे २१०० किलोमीटरच्या वर. आणि आरव्ही काही कारच्या वेगाने जात नाही. चार दिवसांत गाणं ऐकायला वेळ उरतो कुठे?

माझं मत स्पष्ट आहे. म्हातारे आई-वडील बरोबर असतील तर आरव्हीची सहल छोटी हवी, शहर एकच हवं, आणि एकाच जागी किमान दोन रात्री मुक्काम हवा. अटलांटाकडून निघणार असाल तर नॅशव्हिल उत्तम. हे मी पुस्तकातून सांगत नाही, माझी स्वतःची चूक झाली आहे म्हणून सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मी, बायको, माझी आई आणि मुलगी-जावई याच रस्त्याने याच शहराला गेलो होतो. आई तेव्हा ७८ वर्षांची. तिच्या प्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही आहे. सकाळी निघताना गोळी मीच हातावर ठेवली. तिने सकाळपासून पाणी जवळजवळ प्यायलंच नव्हतं, हे मात्र मला कळलं नाही. कारण साधं होतं. जावयासमोर, चालत्या गाडीतल्या त्या एवढ्याशा संडासात जायची तिला लाज वाटत होती. चॅटनूगाच्या पुढे गाडी थांबवली, आई उठली आणि दारातच डोळ्यांपुढे अंधारी आली. मी दंड धरला म्हणून वाचली. प्रेशर ९४/६०. गाडीतल्या पलंगावर आडवं केलं, पाय उंच केले, ओआरएस थोडं थोडं पाजलं. अर्ध्या-पाऊण तासात सावरली. पण शेजारी एमडी झालेला मुलगा बसलेला असताना हे घडलं!

तेव्हा पहिली गोष्ट. आरव्हीतला संडास चालत्या गाडीत वापरायचा नाही. चालती आरव्ही म्हणजे भांडीकुंडी भरलेली बस. वळणावर, ब्रेकवर उभं माणूस सरळ कपाटावर आपटतं. नॅशव्हिलच्या वाटेवर मॉन्टीगलचा मोठा घाट आहे, तिथे तर कुणीच जागचं उठू नये. माझ्या एका पेशंट बाई अशाच चालत्या आरव्हीत चहा करायला उठल्या आणि मनगट मोडून घेऊन परत आल्या. गाडी सुरू असेपर्यंत सगळे सीटवर आणि सगळ्यांना पट्टा. पलंगावर झोपून प्रवास नाही, "आजोबांना जरा पडू दे" म्हणूनसुद्धा नाही.

मग लघवीचं काय? दर दीड तासाला गाडी थांबवायची. कुणी मागितलं म्हणून नाही, घड्याळ लावून. आपले आई-वडील "थांबव" असं कधीच म्हणणार नाहीत, हे धरूनच चाला. हायवेवर ठरावीक अंतराने रेस्ट एरिया असतात, तिथले संडास मोठे असतात आणि स्वच्छही. थांबलं की पाच मिनिटं चालायचं. चार तासांपेक्षा जास्त वेळ पाय लोंबकळत ठेवून बसलं की पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. वय जास्त, वजन जास्त, नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर आणखी. आणि पाणी प्यायचंच. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी मनाने बंद करू नका, हार्टच्या पेशंटने तर मुळीच नाही. ती निघताना घ्यायची की मुक्कामी पोचल्यावर, हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

आता औषधांचं. हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी काही औषधं अमेरिकेत मिळतच नाहीत. डायबेटिसची ग्लिक्लाझाइड, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, व्होग्लिबोज, प्रेशरची सिल्निडिपिन. गोळ्या संपल्या किंवा बॅग हरवली तर तिथला केमिस्ट हात वर करतो. भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो औषध देतही नाही. म्हणून पूर्ण मुक्कामाची औषधं आणि वर पंधरा दिवसांची जास्त न्या. ती दोन वेगळ्या बॅगांमध्ये ठेवा. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपल्या कंपन्यांची नावं तिथे कुणाला ओळखीची नसतात. मूळ नावांतही घोळ आहेच. आपलं पॅरासिटामॉल तिथे अॅसिटामिनोफेन आणि दम्याचा साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. काका एक साधी गोळी मागायला गेले, तर अर्धा तास भाषांतरातच जायचा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आरव्हीच्या फ्रीजवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. तो घरच्यासारखा चटकन थंड होत नाही, कित्येक तास घेतो. काही फ्रीज तर गाडी तिरकी उभी असली तरी नीट चालत नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी सुरू करा आणि आत एक छोटा थर्मामीटर ठेवा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, पण मागच्या थंड पत्र्याला चिकटवून नको. एकदा गोठलं की ते टाकूनच द्यायचं. वापरातलं पेन ३० अंशांच्या आत असेल तर बाहेर चालतं, बरीचशी पेनं सुमारे चार आठवडे. बंद गाडीत, काचेजवळ मात्र कधीही ठेवू नका. जून-जुलैत टेनेसीचा उकाडा आपल्या मुंबईच्या मे महिन्यासारखा असतो.

आणखी एक गंमत. अटलांटा आणि नॅशव्हिलच्या घड्याळात एक तासाचा फरक आहे. चॅटनूगा सोडल्यावर थोड्याच वेळात मोबाइल आपोआप एक तास मागे जातो. दुपारी बाराचं जेवण मोबाइलवर बारा वाजताच घेऊ म्हटलं, तर प्रत्यक्षात तासभर उशीर होतो. सकाळची शुगरची गोळी पोटात आणि जेवण लांबलेलं, की हातपाय थरथरायला लागतात. त्या दिवशी भूक आणि औषध बघा, मोबाइल नको. खिशात साखर किंवा ग्लुकोज असू द्या.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती कार्बन मोनॉक्साइडची. आरव्हीत वीज करायला जनरेटर असतो, गॅसची शेगडी असते. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं आणि आपण म्हणतो, प्रवासाचा शीण! एकाच गाडीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखू लागलं तर शीण समजू नका. लगेच सगळे बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा. कोविडपासून घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. रक्तात हा वायू भरलेला असताना ते बिनधास्त ९८ दाखवू शकतं. गाडी ताब्यात घेतानाच या वायूचा अलार्म चालू आहे का, ते बटण दाबून बघा. जनरेटर लावून झोपू नका आणि थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून ठेवू नका. म्हणूनच पैसे वाचवायला एखाद्या दुकानाच्या पार्किंगमध्ये रात्र काढण्यापेक्षा रीतसर आरव्ही पार्क घ्या. तिथे विजेची जोडणी मिळते, जनरेटर लागतच नाही.

नॅशव्हिलला असे पार्क म्युझिक व्हॅली भागात आहेत, ग्रँड ओल ऑप्रीच्या जवळच. गाडी तिथे लावायची आणि गावात टॅक्सीने जायचं. ऑप्री हा १९२५ मध्ये रेडिओवर सुरू झालेला गाण्याचा कार्यक्रम, आजही चालू आहे. एका कार्यक्रमात बरेच गायक येतात, प्रत्येकाची दोन-तीन गाणी, साधारण दोन तासांत संपतं. खुर्च्या बऱ्या. म्हाताऱ्या माणसांसाठी याहून सोयीचं काय हवं! आकाशवाणीवर वाढलेल्या माझ्या आईला शब्द एक कळला नाही, पण निवेदक मध्येच जाहिरात वाचतो हे बघून ती फार खूश झाली. रायमन हे १८९२ चं जुनं सभागृह गावात आहे, ऑप्री तीसेक वर्षं तिथेच होत असे. ते बघाच, पण तिथली बाकं चर्चसारखी लाकडी आहेत. कंबर दुखत असेल तर आत उशी नेता येईल का, हे आधी विचारून घ्या.

ब्रॉडवेवर ओळीने गाण्याचे बार आहेत. तिथे सकाळी उशिरा जा. गर्दी कमी असते, गाणं तेच. रात्री मोठ्या स्पीकरजवळ आवाज सहज १०० डेसिबलपर्यंत जातो, आणि इतका आवाज रोज ऐकायची सुरक्षित मर्यादा फक्त पंधरा मिनिटं आहे. ८५ डेसिबलला ती आठ तास असते. फोमचे कानातले बोळे खिशात ठेवा, नातवंडांच्या कानांतही घाला.

खाण्याबद्दल एवढंच, की दक्षिणेत चहा मागितला तर बर्फ घातलेला, साखरेचा पाक झालेला "स्वीट टी" येतो. डायबेटिस असेल तर "अनस्वीट" म्हणायचं. हॉट चिकन इतकं जहाल असतं की आपला तांबडा रस्सा लाजेल. ज्यांना अॅसिडिटी आहे त्यांनी सौम्यच मागावं. वसंतात जाणार असाल तर तिकडे चक्रीवादळं होतात, टॉर्नेडो. आरव्ही त्यात आसरा नव्हे. पार्कमध्ये पोचल्यावर पक्की इमारत कुठली, हे आधी विचारून ठेवा. आणि विमा घेताना आधीपासून असलेला आजार त्यात धरलाय का, ते वाचा. बऱ्याच पॉलिसींत धरलेला नसतो.

काकांच्या मुलाशी मी फोनवर बोललो. समजूतदार निघाला. आता नॅशव्हिलला तीन रात्री, बाकी काही नाही. काका थोडे हिरमुसले, मेम्फिसला एल्व्हिसचं घर बघायचं होतं. मी त्यांची चिठ्ठी मूळ नावांनी नव्याने लिहून दिली, प्रोस्टेटची गोळी रात्री झोपताना घ्यायला सांगितली, आणि काकूंना म्हटलं, दर दीड तासाला "गाडी थांबव" असं तुम्हीच म्हणायचं.

"ते मी म्हणेन," काकू म्हणाल्या. "पण पाणी यांना तुम्हीच सांगा."