विश्लेषण : पैसे १०० एमबीपीएसचे, मग रात्री नऊला वेग का पडतो?

घरगुती ब्रॉडबँडच्या जाहिरातीत वेगाच्या आकड्याला एक छोटा शब्द हमखास चिकटलेला असतो, तो म्हणजे 'पर्यंत'. '१०० एमबीपीएसपर्यंत', '३०० एमबीपीएसपर्यंत'. वाण्याने किलोचे पैसे घेऊन 'किलोपर्यंत' साखर बांधून दिली, तर ग्राहक दुकान डोक्यावर घेईल. इंटरनेटच्या बिलावर मात्र हा शब्द निमूटपणे स्वीकारला जातो. देशात तारेवरून ब्रॉडबँड घेणारे चार कोटींच्या आसपास ग्राहक आहेत. घरून काम, मुलांचे ऑनलाइन वर्ग आणि परदेशातल्या नातेवाइकांशी व्हिडीओ कॉल हे सारे याच तारेवर चालते. महिना ७९९ रुपयांची योजना १८ टक्के जीएसटी धरून ९४३ रुपयांना पडते, म्हणजे वर्षाला ११ हजार ३०० रुपयांच्या घरात. एवढे पैसे मोजून मिळणारा वेग कमी का भरतो आणि त्याची दाद मागता येते का, हे समजून घेण्यासारखे आहे.

आकडा नेमका कशाचा?

पहिला घोटाळा एककाचा आहे. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट. फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये मोजला जातो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल उतरवताना पडद्यावर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या आसपास वेग दिसला, तर तो पूर्ण वेग आहे. या गणितामुळे काही तक्रारी आपोआप निकालात निघतात. सगळ्या नाही.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची. योजनेत लिहिलेला वेग हा बहुतेकदा घरातल्या उपकरणापासून कंपनीच्या जवळच्या केंद्रापर्यंतच्या तारेला दिलेली कमाल मर्यादा असतो. तिथून पुढे कंपनीचे मुख्य जाळे, तिथून इंटरनेट एक्स्चेंज, मग ज्या संकेतस्थळाचे पान उघडायचे त्याचा सर्व्हर, असा मोठा प्रवास उरतोच. त्या प्रवासातील प्रत्येक टप्पा अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो. 'पर्यंत' या शब्दाचे खरे काम इथे सुरू होते.

रात्री नऊलाच गाडी का अडते?

आज शहरांत बहुतेक ठिकाणी घरापर्यंत फायबर येते. त्यातील 'जीपॉन' हे तंत्र सर्वाधिक प्रचलित आहे. त्यात कंपनीच्या केंद्रातून निघालेली एक तंतुवाहिनी स्प्लिटर नावाच्या छोट्या डब्यातून ३२ किंवा ६४ घरांत विभागली जाते. या एका वाहिनीची क्षमता डाउनलोडसाठी सुमारे २,४८८ एमबीपीएस असते. ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने वापर सुरू केला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएसच्या आसपास येतात. ३२ घरे असतील तर ७८. त्या घरांना विकलेली योजना १०० किंवा २०० एमबीपीएसची असली, तरी हे गणित बदलत नाही.

यात फसवणूक आहे, असे लगेच म्हणता येणार नाही. सगळी घरे एकाच सेकंदाला फाइल उतरवत नसतात. इमारतीवरची पाण्याची टाकीही सगळे नळ एकदम सुरू होतील असे धरून बांधत नाहीत. क्षमता वाटून दिली नाही, तर हेच इंटरनेट कित्येक पट महाग होईल. वाटून घ्यावे की नाही, हा मुद्दा इथे नाहीच. किती जणांत वाटले, हे ग्राहकाला सांगितले जात नाही, हा मुद्दा आहे.

फायबरचा हा टप्पा तरी बरा म्हणायचा. खरी कोंडी बऱ्याचदा त्याच्या मागे असते. अनेक गावांत आणि उपनगरांत ब्रँड मोठ्या कंपनीचा असला, तरी गल्लीतले जाळे स्थानिक केबल व्यावसायिकाचे असते. तो कंपनीकडून ठरावीक क्षमता घेतो आणि आपल्या ग्राहकांत वाटतो. समजा, त्याच्याकडे १०० एमबीपीएसचे ५०० ग्राहक आहेत आणि मागची जोडणी १,००० एमबीपीएसची आहे. म्हणजे एकास पन्नास असे प्रमाण झाले. दुपारी तीनला कुणाचीच तक्रार नसते. रात्री नऊला आयपीएलचा सामना सुरू असतो, २०० घरांत टीव्ही लागतात आणि चांगल्या चित्रासाठी प्रत्येकाला आठ एमबीपीएस लागतात. मागणी १,६०० वर जाते, वाट्याला येतात पाच. चित्र धूसर होते, फिरणारे वर्तुळ दिसू लागते आणि शंभराची योजना घेतलेला ग्राहक राउटर बंद-चालू करत बसतो.

हे उदाहरण कल्पित असले, तरी एकास पन्नास हे प्रमाण कल्पित नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने २००९ मधील मार्गदर्शक तत्त्वांत घरगुती ग्राहकांसाठी हेच प्रमाण, तर व्यावसायिक ग्राहकांसाठी एकास तीस असे प्रमाण सांगितले होते. तेव्हा घरातले इंटरनेट म्हणजे ईमेल आणि बातम्यांची पाने. आज घरातला टीव्हीच इंटरनेटवर चालतो आणि संध्याकाळी सगळ्यांचा एकाच वेळी चालतो.

दोष घरातल्या राउटरचा किती?

कंपनीच्या कॉल सेंटरचे ठरलेले उत्तर असते, 'आमच्याकडून वेग बरोबर दिसतो आहे, तुमच्या वायफायचा प्रश्न असेल.' ग्राहकाला राग येतो, पण अनेकदा ते खरेही असते. जोडणी करणारा माणूस तार जिथून घरात आली तिथेच, म्हणजे हॉलच्या दारावर किंवा टीव्हीच्या कपाटात राउटर ठोकून जातो. काम आतल्या खोलीत चालते आणि मध्ये काँक्रीटच्या दोन भिंती असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बऱ्यापैकी जाते, पण तिच्यावर एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच आहेत. दाट वस्तीच्या इमारतीत २०-२५ राउटर त्याच तीन मार्गांवर बोलत असतात. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी आणि वेग जास्त, पण भिंत आली की तिचा जोर ओसरतो.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला कुणी सांगत नाही. जुन्या किंवा स्वस्त राउटरचे तार लावण्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. अशा राउटरवर २०० किंवा ३०० ची योजना घेतली, तरी मोजणीत ९४-९५ च्या पुढे आकडा जात नाही. योजना वाढवून देणाऱ्या कंपनीला घरात कोणते उपकरण आहे हे ठाऊक असते, कारण बहुतेक वेळा ते तिनेच दिलेले असते. तरीही महागडी योजना विकली जाते. इथे मात्र 'वायफायचा प्रश्न' म्हणून हात झटकणे अप्रामाणिकपणाचे ठरते.

स्पीड टेस्ट उत्तम, तरी व्हिडीओ अडकतो?

वेग मोजणारी अॅप साधारणपणे सर्वांत जवळचा सर्व्हर निवडतात. तो अनेकदा त्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. म्हणजे मोजणी झाली ती घरापासून कंपनीच्या दारापर्यंतची. दाराबाहेरचा रस्ता तुंबला असेल, तर त्यात दिसत नाही. लोकप्रिय व्हिडीओ सेवांचा साठा कंपन्यांच्या जाळ्यातच ठेवलेला असतो, त्यामुळे तेथील चित्रपट सुरळीत चालतो आणि कार्यालयाचा परदेशातील सर्व्हर मात्र रखडतो, असा उलटा अनुभवही येतो. मोजणी करताना दुसऱ्या शहरातला, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडून पाहिला, तर चित्र बरेच स्पष्ट होते.

नियम काय सांगतात?

नियम आहेत. ब्रॉडबँडच्या दर्जाबाबत 'ट्राय'च्या २००६ च्या नियमांत कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतचा वेग योजनेच्या ८० टक्क्यांहून अधिक असावा आणि गर्दीच्या वेळी मागच्या जोडण्यांचा वापर ८० टक्क्यांच्या आत राहावा, असे निकष होते. आता मोबाइल, स्थिर दूरध्वनी आणि ब्रॉडबँड या सर्वांसाठी एकच नियमावली १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली आहे आणि दंडाची रक्कम टप्प्याटप्प्याने १० लाख रुपयांपर्यंत नेण्यात आली आहे. मात्र हा दंड सरकारजमा होतो. ज्याच्या घरात वेग पडला, त्याच्या बिलातून रुपयाही कमी होत नाही. शिवाय दर्जाचे निकष सरासरीवर तपासले जातात. शंभर इमारतींत सेवा चांगली आणि एका इमारतीत रडकी असेल, तर सरासरी उत्तीर्ण होते आणि ती इमारत तशीच राहते.

ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या तर आणखी मागे आहे. २००४ मध्ये ती २५६ केबीपीएस होती, २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये दोन एमबीपीएसवर आली. शंभराची योजना विकून दोन दिले तरी कागदोपत्री ते 'ब्रॉडबँड'च. 'अमर्याद' योजनांतील डेटामर्यादा संपल्यावर वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये आणि ही मर्यादा ग्राहकाला स्पष्ट सांगावी, असा आदेश 'ट्राय'ने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिला होता. त्यामुळे महिनाअखेरीस वेग अचानक कोसळत असेल, तर आधी योजनेची बारीक अक्षरे वाचलेली बरी.

पेट्रोल पंपावर संशय आला, तर ग्राहक पाच लिटरचे प्रमाणित माप मागवून तिथल्या तिथे खातरजमा करू शकतो. ब्रॉडबँडसाठी असे सर्वमान्य सरकारी माप, ज्याचा निकाल कंपनीला नाकारता येणार नाही, भारतात नाही. उणीव इथे आहे आणि ती भरून काढणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

इतर देशांनी काय केले?

जर्मनीने हेच माप तयार केले. तेथे डिसेंबर २०२१ पासून वेग सातत्याने कमी भरत असेल, तर ग्राहकाला बिल त्या प्रमाणात कमी करण्याचा किंवा करार मोडण्याचा हक्क आहे. त्यासाठी नियामकाच्या स्वतःच्या अॅपवर तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० वेळा मोजणी करावी लागते. प्रक्रिया किचकट आहे, पण त्यातून निघणारा अहवाल पुरावा ठरतो.

ब्रिटनमध्ये पूर्वी जाहिरातीतला 'पर्यंत'चा वेग दहा टक्के ग्राहकांना मिळाला तरी चालत असे. मे २०१८ पासून रात्री आठ ते दहा या वेळेत किमान निम्म्या ग्राहकांना मिळणारा वेगच जाहिरातीत सांगावा लागतो. २०१९ पासून तेथील संहितेत सहभागी कंपन्या ग्राहकाला किमान वेगाची हमी देतात. तो ३० दिवसांत सुधारला नाही, तर भुर्दंड न भरता कंपनी सोडता येते. ऑस्ट्रेलियात न मिळणारा वेग विकल्याबद्दल टेल्स्ट्रा, ऑप्टस आणि टीपीजी या तीन कंपन्यांना न्यायालयाने २०२२ मध्ये एकूण ३ कोटी ३५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. अमेरिकेत एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक योजनेबरोबर किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारा सर्वसाधारण वेग सांगणारे लेबल द्यावे लागते.

यातील ब्रिटनचा मार्ग भारताला लगेच घेता येण्यासारखा आहे. बिलावर कमाल वेगाशेजारी रात्री आठ ते दहाचा किमान वेग छापायला लावणे, यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. कंपन्यांकडे ही आकडेवारी असतेच. अर्थात, कंपनी सोडण्याचा हक्क तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा दुसरी कंपनी दाराशी असते. अनेक गृहसंकुलांत विकासक किंवा सोसायटीने एकाच कंपनीला आत येऊ दिलेले असते. इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याची नियमावली 'ट्राय'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणली खरी. पण आधीच उभ्या असलेल्या इमारतीतल्या रहिवाशाला त्याचा उपयोग किती, हा प्रश्न राहतो.

ग्राहकाने दाद कुठे मागायची?

आधी पुरावा. लॅपटॉप राउटरला तारेने जोडावा, घरातील बाकीची उपकरणे बंद करावीत आणि सकाळ, दुपार व रात्री अशी मोजणी चार-पाच दिवस करून तारीख-वेळेसह पडद्याची छायाचित्रे ठेवावीत. सकाळी ९५ आणि रात्री १२ असा फरक दिसला, तर दोष वायफायचा नाही हे तिथेच सिद्ध होते. तक्रार फोनवर न थांबता लेखी करावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. समाधान झाले नाही, तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येते. तेथे ३९ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. 'ट्राय' वैयक्तिक तक्रारींवर निवाडा करत नाही. ग्राहकांचा बराच वेळ तिकडे पत्रे लिहिण्यात जातो.

त्यापुढचा मार्ग ग्राहक आयोगाचा. २००९ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी 'टेलिग्राफ कायद्यानुसार लवादाकडे जा' असे सांगून परत पाठवल्या जात. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगांचा अधिकार स्पष्टपणे मान्य केला आणि ही अडचण दूर झाली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते, वकील बंधनकारक नाही आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. एकाच इमारतीतील दहा-बारा घरांनी एकाच रात्रीची मोजणी जोडून तक्रार केली, तर 'तुमच्या वायफायचा प्रश्न असेल' हे उत्तर कंपनीला देता येत नाही.